साहेब गाडीत का बसायचे?

आटगावला मी ज्या कारखान्यात आहे ना, तिथले आमचे मॅनेजर म्हात्रेसाहेब. माणूस रोज वेळेवर यायचा, गाडी लावायचा आणि काचा वर करून आतच बसून राहायचा. आम्हाला वाटायचं, उशिरा कोण येतं ते बघतायत. म्हणून आम्ही गेटातून धावतच आत शिरायचो.

पॅकिंगच्या हिराबाईंना मात्र राहवेना. त्या म्हसा गावच्या, कोणाला काही विचारायला घाबरत नाहीत. एका सकाळी त्यांनी सरळ जाऊन काच वाजवली.

"साहेब, तुमी रोज कोणाला बघत बसता हो?"

साहेब गडबडले. मग म्हणाले, "कोणालाच नाही, हिराबाई. आत यायचं म्हटलं की छातीत धडधडतं. ते थांबेपर्यंत बसतो."

"डॉक्टरला दाखवलं का नाय?"

"दाखवलं. हृदय ठणठणीत आहे. मनाच्या डॉक्टरकडे जा म्हणाले. पण कामगारांना कळलं तर काय म्हणतील?"

"आता कळलंच की साहेब," हिराबाई म्हणाल्या. "मी काय म्हटलं का तुमाला?"

सोमवारच्या मीटिंगमध्ये साहेबांनीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "गुरुवारी दुपारी मी नसेन. कल्याणला मनाच्या डॉक्टरकडे जातोय. तुमच्यापैकी कोणाला जायचं असेल, तर पगारी सुट्टी मिळेल."

आता कोणीतरी हसणार, असं मला वाटलं. तेवढ्यात आमच्यावर दिवसभर ओरडणारा फोरमन गणपत मागून हळूच म्हणाला, "साहेब, मीपन येऊ का? मला लय दिवस झोपच नाय."