निकिता भोयेच्या नावावर दिसलेली ड्रॉइंग्ज

मी मोहिनी रमेश शेवाळे, वय ३६ वर्षे, व्यवसाय संगणक व सर्व्हरची देखभाल, राहणार पंचवटी, नाशिक. निकिता भोये हिच्याविरुद्धच्या तक्रारीबाबत स्वतःहून ठाण्यात येऊन सांगते की,

अंबडला साचे तयार करणारा एक कारखाना आहे. तेथील फाइल सर्व्हर मी सांभाळते. सुनील निकम हे मॅनेजर आहेत. त्यांचा भाचा महेश आणि पेठ तालुक्यातील निकिता तेथे ड्रॉइंग काढतात.

गेल्या शनिवारी मी सर्व फाइली जुन्या सर्व्हरवरून नव्यावर आणल्या. सर्व्हर माणसाला नावाने नाही, आकड्याने ओळखतो. कोणता आकडा कोणाचा ही जुळणी बरोबर असेल तरच ज्याची फाइल त्याला उघडते. ती जुळणी करून मी प्रत्येकाच्या नावाने फाइल उघडून पाहिली. निकिताचीही उघडली.

सोमवारी सकाळी निकिताचा फोन आला. स्वतःचेच ड्रॉइंग उघडत नाही, परवानगी नाही असे येते, महेशचे फोल्डर मात्र उघडते, असे ती म्हणाली. मी निघते म्हणाले. तेवढ्यात निकम यांनी फोन करून येण्याची गरज नाही, मुलगी नवीन आहे, तिला कळत नाही, असे सांगितले. मी गेले नाही.

बुधवारी त्यांनी मला बोलावले. एका ग्राहकाची ड्रॉइंग्ज दुसऱ्या कारखान्यात पोचली होती. बाहेर पाठवण्यासाठी एकत्र केलेली ती फाइल सर्व्हरवर सापडली व तिच्यापुढे निकिताचे नाव दिसत होते. निकिता तेथेच उभी होती. निकम मला म्हणाले, "मॅडम, सर्व्हर बरोबर चाललाय, एवढंच लिहून द्या."

मी जुळणी तपासली. निकिता व महेश यांचे आकडे आपसात बदललेले होते. बाकी कोणाचा आकडा हलला नव्हता. बदल रविवारी, कारखाना बंद असताना, निकम यांच्या संगणकावरून झाला होता. मी लिहून दिले नाही. काय दिसले तेही त्यांना सांगितले नाही. त्यानंतर त्यांनी निकिताविरुद्ध येथे तक्रार दिली.

जुना सर्व्हर माझ्या दुकानात होता. त्यावर तीच फाइल महेशच्या नावावर आहे. तो सर्व्हर मी सोबत आणला आहे.

जुळणी बदलण्याचा पासवर्ड फक्त मला व निकम यांना माहीत आहे. त्यामुळे संशय माझ्यावरही येतो, असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी मला सांगितले. ते मला येण्यापूर्वीच ठाऊक होते.

आज मी आले तेव्हा निकिता व्हरांड्यात बसलेली होती. तिने विचारले, "ताई, सोमवारी तुम्ही का नाही आलात?" मी सर्व्हर घेऊन आत आले.

जबाब चालू असताना निकम यांचा फोन आला. साहेबांच्या सांगण्यावरून मी स्पीकर लावला. निकम म्हणाले, "तो जुना डबा तुमच्याकडंच आहे ना? आजच्या आज कोरा करा. तुम्ही आहात कुठं?" मी पोलीस ठाण्यात आहे, असे सांगितले. फोन बंद झाला.

जुना सर्व्हर पंचांसमक्ष ताब्यात घेतला आहे. निकिताला घरी जाऊ देत आहेत, असे मला कळवले. तिला पेठच्या गाडीत बसवूनच मी घरी जाणार आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तसाच तो लिहिला आहे, म्हणून खाली सही करते.