सुया मी मोडल्या

आयाबायांनो, भावांनो, तात्या, तुमी सगळी कामं टाकून आला. चारचौघांत उभं राहून बोलायचं बळ आज माझ्यात न्हाय. पण दिलीप माझा धाकटा भाऊ. तो कसा गेला, हे मीच सांगितलं पायजे.

निरवांगीतनं तो रोज मोटारसायकलीवर बारामतीच्या एमआयडीसीत कामाला जायचा. तितं पोती उचलताना पाठीत भरलं. दुखणं थांबावं म्हणून इंजेक्शन घेतलं. पाठ बरी झाली, इंजेक्शन सुटलं न्हाय. आमी काय करायचं बाकी ठेवलं? समजावलं. कोंडलं. मी हातसुद्धा उचलला. दोनदा सुटलं, दोनदा परत लागलं.

त्याची बायको सुनंदा हितंच बसलीय. ती इंदापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडं गेली. बाई म्हणाल्या, सुटेपर्यंत निदान दुसऱ्याची सुई तरी टोचून घेऊ देऊ नका. मग सुनंदा कोऱ्या सुया आणून घरात ठेवायला लागली. त्याला वेळेवर जेवायला वाढायची. तो पुन्हा कामावर जायला लागला. मला दिसत हुतं हे. पण गाव काय म्हणंल, ह्याचाच मला घोर.

एका दुपारी मी घरात शिरलो आणि सगळ्या सुया अंगणात टाचंखाली मोडल्या. म्हणालो, नवऱ्याला तूच बुडवतीस. ती रडली न्हाय.

"भावजी, सुटंल तवा सुटंल," म्हणाली. "तवर जगू तर द्या."

दिलीप त्याच दिवशी बाहेर पडला. तिघांत एकच सुई फिरली. आठवड्यात त्याचा हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, विष रक्तात गेलंय.

शेवटच्या दिवशी मी उशाशी हुतो. वाटलं, जाब विचारंल. त्यानं विचारलं, "दादा, तू अजून रागावलायस का?"

मला नुसतं न्हाय म्हणायचं हुतं. तेवढंबी राहून गेलं.

सुनंदा, तुझं बरोबर हुतं. सगळ्यांसमोर सांगतो.

त्या दिवशीचे बाकीचे दोघं आपल्याच भागातले हायत. नावं घेणार न्हाय मी. त्यांच्या घरच्यांनी एवढं ऐका. त्यांना हाकलू नका, कोंडू नका. इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन जा. एकट्यानं जायची लाज वाटली, तर मी येतो संगं.

आता दोन मिनिटं उभं राहूया. कुणी मनात त्याला गर्दुल्ला म्हणत असंल, तर तेवढा वेळ तरी म्हणू नका. नुसतं दिलीप म्हणा.