मोठ्यानं केलेली प्रार्थना

आम्ही मूळचे जालन्याचे. वडील रेल्वेत क्लार्क, बदली होत होत काचीगुड्याला आले आणि मग इथलेच झाले, म्हणजे रिटायर होईपर्यंत म्हणायचे की जालन्याला घर बांधीन, पण बांधलं नाही, आणि मी तर काचीगुड्याच्या रेल्वे क्वार्टरमध्येच जन्मले. घरात मराठी, अंगणात उर्दू, शाळेत तेलुगू आणि इंग्रजी, आणि रविवारी परत मराठी. रविवारची मराठी फार महत्त्वाची आमच्याकडे. आमच्या चर्चमध्ये तेलुगू उपासनेला पाय ठेवायला जागा नसायची, इंग्रजीला तरुण मुलं, आणि मराठी उपासना सगळ्यात लवकर, सकाळी, कारण आम्ही थोडे, आणि थोड्यांना जी वेळ उरते ती देतात. पण त्या थोड्या लोकांत माझं अख्खं आयुष्य गेलं. माझं नाव सुमती हे त्यांच्यासमोर ठेवलं, लग्न त्यांनी लावलं, आई गेली तेव्हा खांदा त्यांनीच दिला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही विचाराल, मग बाई तुम्ही ती मंडळी सोडली का नाही.

मी गणिताची. चर्चच्याच मुलींच्या शाळेत शिकवायची, नल्लकुंट्याच्या आमच्या घरापासून चालत जाण्याजोगी. बी.एस्सी., बी.एड. मला अंदाज चालत नाही, आजही नाही. वर्गात कुणी म्हटलं टीचर, बहुतेक बरोबर आहे, की मी विचारायची, बहुतेक म्हणजे किती? मुली हसायच्या. घरी सासूबाई म्हणायच्या, हिला मीठ चवीपुरतं घाल म्हटलं तर ही विचारते कुणाच्या चवीपुरतं.

तर ती वर्षं, तुम्हाला आठवत असतील, सगळं एकदम उघडायला लागलं होतं. गल्लीगल्लीत केबलच्या तारा, कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटर शिकवणारे, नवी खासगी कॉलेजं, आणि दुसरीकडे आमचे हे ज्या सरकारी कारखान्यात होते तिथं ओव्हरटाइम बंद, मग भरती बंद, मग एक दिवस नोटीस लागली की ज्याला जायचंय त्याने पैसे घेऊन जावं. हे घरी आले, शर्ट खुंटीला लावला आणि म्हणाले, सुमती, आज सांगतायत जा, उद्या ढकलतील. दोन मुलं शिकणारी, सासूबाईंचं औषध. आणि आमच्या हेडमिस्ट्रेस दोन वर्षांत निवृत्त होणार होत्या. नोकरीची वर्षं धरली तर पुढचा नंबर माझा होता, पण कमिटीनं ठरवलं होतं की नवी हेडमिस्ट्रेस एम.ए. किंवा एम.एस्सी. हवी, निदान शिकत असलेली तरी. मग मी चाळिशीला आलेली बाई, एम.एस्सी.चा फॉर्म भरला, बाहेरून. ती जागा मला पाहिजे होती. का लपवू? पाहिजेच होती.

आणि त्याच वर्षी डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे टीचर, आज चाला नाहीतर उद्या गोळ्या. म्हणजे सकाळी चालणं, मग स्वयंपाक, मग शाळा, संध्याकाळी अभ्यास, गुरुवारी घरसभा, शनिवारी महिला मंडळ, रविवारी उपासना आणि पोरांची शब्बाथशाळा. एका दिवसात एवढं मावत नाही, हे मी कागदावर मांडून पाहिलं होतं, नाहीच मावत. तेव्हा एस्तेर म्हणाली, चल, मी येते तुझ्याबरोबर, चालता चालता अभ्यास कर.

एस्तेर म्हणजे माझ्याच शाळेतली, इतिहासाची टीचर, माझ्यानंतर लागलेली पण एम.ए. आधीच झालेली. शब्बाथशाळेत आम्ही एका बाकावर बसलेल्या, गायनमंडळात एका गीतपुस्तकातून गाणाऱ्या. रोज पहाटे फाटकाची कडी वाजवायची, सुमे, झोपलीस का मेलीस? की मी साडीखाली कॅनव्हासचे बूट घालून बाहेर. आमच्या गल्लीच्या तोंडाशी इडलीची बंडी लावणारा यादगिरी होता, तो ओरडायचा, टीचरम्मा, घोड्यांचं मैदान तिकडं मलकपेठला, इकडं कुठं धावताय? एस्तेर म्हणायची, तू इडली वाफव रे, घोड्यांचं आम्ही बघतो. अशी होती ती. हसवायची.

विद्यापीठाच्या आवारात मोठमोठी झाडं, रुंद रस्ते, तिथं आम्ही चालायचो आणि मी तिला प्रमेयं सांगायची. तिला त्यातलं काही कळायचं नाही, पण ऐकायची अशी की काय सांगू तुम्हाला, हं, मग? पुढं? आणि मध्येच पकडायची, काल तू इथं दुसरंच म्हणाली होतीस. आणि खरंच मी चुकलेली असायची. माझं पहिलं वर्ष त्या रस्त्यावर पास झालं, पुस्तकापुढं नाही. आणि चालताना माणूस बोलतं हो. समोरासमोर बसून जे तोंडातून निघत नाही ते शेजारी शेजारी चालताना निघतं. यांच्या कारखान्याचं, सासूबाईंचं, माझ्या मनातलं, सगळं तिला माहीत. मी एकदा विचारलंही, एस्तेर, एम.ए. तर तू आहेसच, तुला नको का गं ती जागा? तर म्हणाली, नक्को बाई, मला ती कटकट नक्को, तूच बस त्या खुर्चीत, मी सुट्टी मागायला येत जाईन.

दुसऱ्या वर्षी माझा एक पेपर राहिला. रिअल अ‍ॅनॅलिसिस. बाकी सगळे निघाले, तो एक राहिला. परत परीक्षा लवकरच होती आणि मला खात्री होती की निघेल, पण निकाल बघून मी त्या आवारातल्या पायऱ्यांवर बसले आणि उठवेना. एस्तेरनं पाठीवर हात ठेवला. मी म्हटलं, घरी नाही सांगितलं, यांना आत्ता कारखान्याचंच ओझं आहे, निघाला की दोन्ही एकदम सांगीन. पण पाळकसाहेबांना सांगते, सोमवारी जाते ऑफिसात. चर्चचे पाळकसाहेबच शाळेचे मॅनेजर, कमिटी त्यांचीच. जागेच्या अर्जात मी शिक्षण चालू आहे एवढंच लिहिलं होतं, ते खरंच होतं, पण तरी म्हटलं माणसानं आपणहून सांगावं. एस्तेर म्हणाली, हौ, तुझ्याच तोंडून जाऊ दे, ते बरं दिसतं. बघा, हे शब्द तिचे. तुझ्याच तोंडून.

सोमवारी मी जाणार होते. त्याच्या आधीच्या गुरुवारी घरसभा आमच्याकडे होती.

आमच्यात असं असतं, दर गुरुवारी एकेकाच्या घरी जमायचं, गीत, वचन, मग पाळक विचारतात, प्रार्थनेचे विषय काय आहेत? कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलाचा व्हिसा, कुणाची सून. मग सगळे डोळे मिटतात, हात धरतात आणि ज्याला आत्म्याची प्रेरणा होईल तो मोठ्यानं प्रार्थना करतो, बाकीचे आमेन म्हणतात. त्या दिवशी माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला एस्तेर. समोर हे, आणि पाळकसाहेब आमच्या एकुलत्या एक खुर्चीत. विषय विचारले तेव्हा मी म्हटलं, काही नाही, आभारच आहेत. डोळे मिटले. आणि एस्तेरचा आवाज.

ती म्हणाली, हे प्रेमळ पित्या, आमच्या सुमती बहिणीसाठी आम्ही तुझ्यापुढं येतो. ती एका पेपरात नापास झाली आहे प्रभू, ती खचली आहे, घरच्यांनाही सांगायचं तिला धैर्य नाही. तिची साखर वाढते आहे, तिच्यावर भार झाला आहे. तिला शांती दे प्रभू. आणि तुझ्या इच्छेनं आखलेली तिची मर्यादा आनंदानं स्वीकारायला तिला शिकव.

आणि सगळे म्हणाले आमेन. मीही म्हणाले. ते तोंडातून आपोआप निघतं हो, लहानपणापासूनची सवय. तिचा हात माझ्या हातात होता, आणि आमेन म्हणताना तिनं तो दाबला.

आता तुम्ही सांगा, यावर माणसानं काय करावं? कुणी तोंडावर बोललं तर उत्तर देता येतं. पाठीमागं बोललं तर जाऊन जाब विचारता येतो. पण डोळे मिटून, देवाला बोललेलं, त्याला मध्येच थांबवतात का कुणी? डोळे उघडले तर सगळे माझ्याकडं बघत होते, दयेनं. आणि मला उठून चहा द्यायचा होता, पोहे द्यायचे होते, घर माझं होतं ना. मंडळीतल्या वत्सलाकाकू म्हणाल्या, काळजी करू नको पोरी, शिक्षण म्हणजे सगळं नाही. पाळकसाहेबांनी कप घेतला आणि म्हणाले, तब्येतीला जपा सिस्टर. टीचर नाही म्हणाले, सिस्टर म्हणाले. तेव्हाच मला कळलं, खुर्ची गेली.

सगळे गेल्यावर हे म्हणाले, तिला सांगितलं, मला नाही? एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली. सुमे, झोपलीस का मेलीस? मी बाहेर आले, बूट न घालता. म्हटलं, का केलंस असं? ती म्हणाली, काय केलं? अगं, मी प्रार्थना केली, प्रार्थनेचा कोणी राग करतं का? मी म्हटलं, प्रार्थना देवाला केलीस की पाळकसाहेबांना? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझ्यासाठी रोज गुडघे टेकते मी, आणि तू मला असं बोलतेस. यादगिरी बंडी लावता लावता बघत होता, मग मान खाली घालून इडल्या वाफवायला लागला.

सोमवारी गेले मी ऑफिसात. पाळकसाहेब म्हणाले, कळलंच आहे आम्हाला, कशाला तसदी घेतली. पुढच्या बैठकीत एस्तेरची निवड झाली. ती मला सांगायला स्टाफरूममध्ये आली, म्हणाली, मी नक्को नक्को म्हणत होते, फार गळ घातली गं त्यांनी. मी अभिनंदन म्हटलं आणि सातवीच्या वर्गावर गेले.

मी गणिताची आहे, मी ते सगळं पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं. तिला खरंच माझी दया आली असेल का? असेल. मग सोमवारपर्यंत का नाही थांबली? मग मर्यादेचा शब्द कुठून आला? इतके दिवस रोज सकाळी आम्ही बोललो, तो शब्द आमच्यात कधी नव्हता. पण सिद्ध होत नाही हो. कितीही मांडलं तरी शेवटची ओळ लिहिता येत नाही. मला माहीत आहे, आणि सिद्ध होत नाही, आणि हे फार वाईट असतं.

पुढचा प्रभुभोजनाचा रविवार आला, मेजापुढं जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा. कुणाशी वैर ठेवून त्या मेजाकडं जाऊ नये असं आम्हाला शिकवलंय. मी प्रामाणिकपणे बाकावर बसून राहिले, उठले नाही. झालं, शनिवारी महिला मंडळात प्रार्थना, आमच्या एका बहिणीच्या मनातली कटुता दूर कर. नाव नाही घेतलं, गरजच नव्हती. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, अब कायकू परेशान होती, आता तू त्यांचा कायमचा विषय झालीस. आणि खूप दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

पेपर निघाला माझा, त्याच वर्षी. एकटी चालायची आणि प्रमेयं झाडांना सांगायची. झाडं हं, मग, म्हणत नाहीत, त्यामुळं चुका स्वतःच पकडाव्या लागल्या. मग एका नव्या खासगी ज्युनियर कॉलेजात लागले, आयुष्यभर ज्या शाळेला आपली म्हटलं ती सोडून. पगार शाळेपेक्षा बरा, मुलं रात्रंदिवस परीक्षेसाठी रगडलेली, त्यांची दया येते. ह्यांनी शेवटी पैसे घेऊन कारखाना सोडला, आता हिशेबाची कामं करतात दोन दुकानांची. सासूबाई गेल्या. साखर अजून काठावरच आहे, पलीकडं गेली नाही. मंडळी सोडली नाही मी. मेजाकडंही जाते आता. गुरुवारी विषय विचारले की म्हणते, आभारच आहेत. इतक्या वर्षांत तिथं दुसरा शब्द उच्चारलेला नाही.

माफ केलं का म्हणता? केलं असेन, बहुतेक. आता विचारू नका बहुतेक म्हणजे किती.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. मी आवारात चालत होते, तर त्याच पायऱ्यांवर एस्तेर बसलेली, काठी शेजारी. गुडघे गेलेत तिचे. मला बघून म्हणाली, सुमे, बस ना थोडं. मी उभीच राहिले. म्हणाली, ऑपरेशन ठरलंय, भीती वाटते गं, माझ्यासाठी प्रार्थना कर.

मी म्हटलं, करीन. मनात करीन.

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग काठीकडं पाहिलं. मी पुढं निघाले. आणि केली हो, त्या वळणापर्यंत चालता चालता केली, तिच्या गुडघ्यांसाठी केली, खरी केली. पण ती तिला ऐकू जाणार नाही, कुणालाच जाणार नाही.

चला, तुमचा चहा गार झाला. देव तुमचं आणि तुमच्या घरच्यांचं भलं करो. हे मात्र मोठ्यानं म्हणते.