अर्ध्या मिशीची पैज

एकोणऐंशीचं कोरडं साल. साकोलीच्या बसथांब्यावर न्हाव्याच्या खुर्चीजवळ एकोडीचे दोन शेजारी धानाचं नवं बियाणं शोधणाऱ्या डोंगरवार साहेबाच्या बसची वाट पाहून राहिले होते, भैय्यालाल अन् केवळराम. मी मागंच कान टवकारून उभा. फुकटचा तमाशा कोन सोडते?

“लागली पैज, केवळराम! डोंगरवार साहेबाच्या बिनपाण्याच्या धानात दाणा भरला असन, तं इथंच अर्धी मिशी काढतो.”

“लागली! पन बिनपाण्याचं धान म्हंजे कसं गा?”

“साहेब मुद्दाम धानाच्या बांधीतलं पाणी काढून टाकते गा. म्हणते, मरन ते मरू दे, उरन तेच बियाणं. असं करता करता म्हातारा झाला.”

“औंदा तं देवानंच पाणी नाही देल्लं.”

“माह्या सगळ्या बांध्या जळल्या. साहेबाचं धान हिरवं हाय, पन लोंबी पोचट निघाली तं पुढं पेरू काय?”

“मंग तू जिंकशीन. मिशी वाचन.”

“मिशी का लेकरायले रांधून घालू?”

“आली बस! साहेब उतरून राहिले.”

“साहेब, लोंबी आणली?”

“आणली, भैय्यालाल. पण दाणा बघायची माझी हिंमत होत नाही. तूच चावून सांग.”

“चाव ना बे, भैय्या! कसा हाय दाणा?”

“कडक हाय! भरला दाणा! ओ न्हावीदादा, वस्तरा काढा. अर्धी नाही, पुरी काढा!”