जलाल मिस्त्रीची भिंगरी

— तसं नाई, भगवानराव, तसं नाई! बोटाच्या चिमटीत कायले धरून राह्यले? अगरबत्ती हाय का ते? मुठीत धरा. घट्ट. अंगठा या खटक्यावर. आता दोरी ओढा — ओढा म्हटलं मी, कुरवाळा नाई म्हटलं. अरे बाप्पा! नागपुरात खेळण्याचं तीन मजली दुकान तुमचं, अन् एक भिंगरी फिरवता येत नाई. द्या इकडे. हे पाहा — एक झटका, सर्र् — फिरली? लाल दिवे दिसले? पाकळ्या मोजा. मोजा, मोजा, मले काई घाई नाई, घाई तुमाले, सातची बस तुमची हाय. पाच ना? हां. अन् हा दुसरा खटका — हिरव्या पाच. सेल नाई, चार्जिंग नाई, दोरी ओढली का आतलं चुंबक तांब्यासमोरून पळते अन् दिवे पेटते, बस. अन् दोन्ही खटके संग दाबले तर — नाई, नाई, ते नका दाबू. दोन्ही संग नाई दाबाचे. काहून म्हणजे? मी म्हणतो म्हणून. दुकान माह्यं हाय.

खरं सांगू, तुम्ही दारात उभे राह्यले तवा मले वाटलं, आला आणखी एक वहीवाला. दोन वर्षांपासून पांढरकवड्यात नुस्ते वहीवालेच उतरून राह्यले — मुंबईचे, दिल्लीचे, एक तर गोरा होता, टोपीवाला. गाडी थांबली का उतरले, का विचारलं, 'कापसाचं काय झालं?' मी म्हणतो, बाबा, पाटी वाच. 'जलाल मोटार रिवायंडिंग.' मी मोटारा भरतो, जळलेलं तांबं काढतो, नवं घालतो, कापसाचं मले कायले विचारतो? तरी बसते! चहा पिते, माह्या पायाकडे पाहते — हा डावा, लहानपणापासून वाळलेला — अन् मान हलवून लिहून घेते. जसा काई कापसानंच वाळवला. तुम्ही मान नाई हलवली, सरळ विचारलं का मागच्या मंगळवारी बस बंद पडली तवा अंधारात या दुकानात ते फूल काय चमकून राह्यलं होतं, म्हणून बसू देल्लं तुमाले.

या मधल्या दारातून पाहा. अंगण दिसते? अंगणाच्या पल्याड स्वयंपाकघर, ते सोडा, अंगण पाहा. सगळ्या जळलेल्या मोटारा. ही दारासमोरची केळापूरच्या रामरावाची, दोन साल झाले पडून हाय. लाइन येते तर अर्धी येते, मोटार जळते, आणून टाकते इथी अन् म्हणते, मिस्त्री, कापूस विकला का नेतो. अन् कापूस गाडीवर, गाडी खरेदीच्या रांगेत, अन् हे गाडीखाली झोपून. कोणी नेत नाई, कोणी भरून मागत नाई. मंग मी काय करू, माशा मारू? हात रिकामा राह्यला का डोकं सडते माणसाचं. म्हणून हे केलं. धंद्यासाठी केलं, सांगून ठेवतो. दुसरं काई कारण नाई.

वणीच्या जत्रेत ते चायनाचं भिंगरीचं खेळणं पाह्यलं होतं मी — बटन दाबलं का ट्यँ ट्यँ गाणं अन् तीन दिवे भुरभुर भुरभुर, घरी येईस्तोवर खलास. लोकं तुटून पडलते त्याच्यावर. दहा घेतल्या मी, इथी आणून फोडल्या. आत काय होतं? शेंगदाण्याएवढी मोटार अन् बाकी लबाडी! दिवे काढून घेतले, उरलेलं उकिरड्यावर. अन् आता हे पाहा. मूठ सायकलच्या हँडलची. आत सायकलचाच डायनॅमो, उघडून पुन्हा भरलेला, माह्या हातचा. वर ही पट्टी, सात दिवे लाल, सात हिरवे. अन् पट्टीखाली ही तांब्याची चकती — सगळी गंमत या चकतीत हाय. तांब्यावर पट्टी आली, दिवे पेटले. खाच आली, विझले. जोरात फिरते म्हणून तुमाले वाटते हवेत फूल लटकलं. फूल कुठी हाय? पाच खाचा हाय नुस्त्या. डोळा लय भोळा असते माणसाचा, कोणी पण फसवते त्याले.

पह्यल्या चकतीले मी चोवीस खाचा पाडलत्या. हसू नका. मोटारीले चोवीस खाचा असते, तीस वर्षं चोवीस-चोवीस भरल्या, हात आपोआप चोवीसवर जाते. फिरवली, तर नुस्तं गोल कडं! बांगडी! मी म्हटलं, दिवे खराब. दिवे बदलले — बांगडी. डायनॅमो उकलून पुन्हा भरला — बांगडी. आठ दिवस हेच. अन् ही आमची जैनबबी, बायको माह्यी, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहून राह्यली. नवव्या दिवशी आली, कोरी चकती उचलली, मेंदीचा कोन आणला, चकतीवर पाच ठिपके देल्ले अन् माह्यासमोर आपटली. वरून पाच बोटं नाचवली, अशी. मले! मोटारीतलं काय कळते तिले? शाळेचं तोंड पाह्यलं नाई, जन्मापासून ठार बहिरी, तोंडात शब्द नाई. मी म्हटलं थांब, तुह्यी जिरवतोच, पाचच पाडतो... मंग? मंग काय, आता फिरवून पाह्यलं ना तुम्ही! पण त्याच्यात तिची हुशारी कायची? ऐकू येत नाई त्याले दुसरं काम काय असते, दिवसभर पाहतच राहाचं.

बरं, नेता म्हणता ना? न्या. डब्यावर 'जलाल' छापतो म्हणता, छापा, मोठ्या अक्षरात छापा. हा घ्या पेपर, गुंडाळा चांगली, अजून एक घडी मारा, दिवे नाजूक हाय — हां, टाका पिशवीत, चेन लावा. दाखवा तुमच्या दिल्लीच्या कारखान्याले. नाई, माह्यापाशी नमुना एवढाच. अजून एक हाय, पण ती आत, तिच्यापाशी. दोन माणसाच्या घरात दोन-दोन भिंगऱ्या कायले पायजे? तुम्ही न्या.

काय म्हटलं? गाणं? भगवानराव, आतापर्यंत तुम्ही मले बरे वाटत होते. गाण्याशिवाय पोरं घेत नाई? तर मंग तुमचे नागपूरचे पोरं बेअक्कल हाय, त्याइच्या मायबापाले सांगा. गाणं कोणासाठी याच्यात? कोण ऐकन? ही चीज सोताच बोलते, तिले ट्यँ ट्यँ कायले? बोलते म्हणजे... बोलते म्हणजे बोलते. लाल म्हणजे लवकर इकडे या. हिरवं म्हणजे जेवाले चला. आमचं आपलं ठरलेलं हाय. साडेसहा ते साडेनऊ लोडशेडिंग असते का नाई? हिवाळ्यात सहालेच अंधार. अंधारात तिचे हात मले दिसत नाई, माह्ये ओठ तिले दिसत नाई. तीन तास घरात दोन माणसं, अन् भांडता येत नाई! नाई तर उजेडात काय हात चालते तिचे — मी काय सांडलं, काय विसरलो, कोणाले फुकट मोटार बांधून देल्ली, अख्ख्या मोहल्ल्याले बोटानं सांगते. अन् लाइन गेली का गप्प. मले तर बरं होतं. शांतता होती घरात. खरंच बरं होतं.

टॉर्च? वा! टॉर्चची अक्कल काय तुमालेच हाय? आणलती टॉर्च. हा समोरचा रस्ता पाहा, वणीचे कोळशाचे ट्रक जाते, मोटरसायकली जाते. भिंतीवर उजेड पडला का तिले वाटे, मी बोलावलं. उठून ये. मी बोलावलंच नसे. पुन्हा उजेड, पुन्हा ये. एका संध्याकाळी दहादा आली, मंग चिडून बसली, अन् मी खरं बोलावलं तवा नाई आली. टॉर्चचा उजेड कोणाचा पण असू शकते, भगवानराव. पाच पाकळ्या ट्रकले नसते.

अन् त्या टॉर्चच्याही आधी — विचारलंच तुम्ही म्हणून सांगतो. नाई विचारलं? मंग ऐकून घ्या, बसले हाय ना. मागच्या साली ईदच्या आधीची गोष्ट. लाइन गेली. मी इथीच, याच गोणीवर. आतून तिनं आवाज देल्ला. आवाज येते तिले, शब्द नाई येत, नुस्तं 'आऽ'. म्हणजे, हाय का? मी म्हटलं, 'हाव, हाय.' पुन्हा, 'आऽ'. मी म्हटलं, 'हाय ना!' तिसऱ्या बारीले डोकं फिरलं माह्यं, ओरडलो, 'हाय म्हटलं ना! इथीच हाय, मेलो नाई!' तोंडानं. बहिऱ्या बाईले, अंधारात. अठरा वर्षं झालती लग्नाले, भगवानराव, अन् मी तोंडानं उत्तर देऊन राह्यलो. हसा ना. मघाशी हसत होते, आता हसा. साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं मी हाय म्हणून, तिनंच नाई ऐकलं. निघाली अंगण ओलांडून मले पाहाले, अन् रामरावाच्या मोटारीवर आपटली. उजवं मनगट मोडलं. हा पाय घेऊन मी उठीस्तोवर, भिंत धरून जाईस्तोवर ती तिथीच पडून, अन् माह्या तोंडावरून हात फिरवून पाहून राह्यली मी धड हाय का. दीड महिना हात गळ्यात. म्हणजे अर्धी बोलतीच बंद, उजेडात पण. एका हातानं कोणी भांडते का? दीड महिना घरात भांडण नाई. तसं घर दुश्मनाले देऊ नये खुदानं.

येडी बाई. जागेवर बसाचं ना! जवाब नाई आला तर नाई आला.

म्हणून ते दोन्ही खटके संग नका दाबू म्हटलं. ते तुमच्या धंद्यात नाई, ते काढून टाका तुमच्या मालातून. दोन्ही संग म्हणजे 'हाय का?' लाइन गेली का सगळ्यात पह्यले ती आतून फिरवते, मी इकून फिरवतो, दोन्ही संग, 'हाय.' झालं. मंग ती भाकर टाकते. रोज! रोज म्हणजे रोज, कटाळा येते मले. तीनदा विचारते, अन् तिसऱ्या बारीले इकून नाई फिरली तर उठून येते. अजून पण येईन. अंगणात मोटारा असो का विहीर खोदलेली असो, थांबत नाई.

आता पिशवीकडे कायले पाहून राह्यले? नेली तर मी काय करीन? काय करीन म्हणजे! आठ दिवसांत दुसरी बांधीन. तवरोक लाइन जायच्या आधी जाऊन बसीन आत, चुलीपाशी. त्याच्यात काय एवढं? मान नका हलवू, भगवानराव! तुम्ही पण वहीवालेच निघाले का? सौदा झाला, नाव छापतो म्हणता, संपलं. किती वाजले? सहा वीस ना. दहा मिनिटं हाय अजून, तुमाले रस्त्याले लावतो अन् जातो आत, निवांत —

हात् तिच्या! गेली! दहा मिनिटं आधीच घेतली मेल्याइनं. याइच्या घड्याळात पण चायनाचाच माल दिसते. बसा, घाबरू नका, अंधार खात नाई कोणाले. मी उठतो... थांबा, भिंत कुठी गेली... उठाले वेळ लागते मले. हां. ती पाहा, फिरली. दिसली? आत, चुलीजवळ. लाल-हिरवी संग. पिशवी कुठी हाय? काई नाई, तुमची पिशवी कुठी हाय? चेन उघडा. उघडा ना! एवढा पेपर कायले गुंडाळला? हाव, मीच म्हटलं, मी काई पण म्हणतो, तुमाले अक्कल नाई का? मोबाइल नका लावू! विझवा तो, विझवा, तिले ट्रक वाटन. दुसऱ्यांदा फिरली. दोरी अटकली — ओढू नका, फाडा पेपर, फाडा! द्या इकडे. नाई देत मी, आठ दिवस पण नाई, नाव नका छापू माह्यं, चायनाची घेऊन विका, गाणं घालून विका. जा तुम्ही, बस चुकन. तिसरी फिरली. आली, उठली ती —

उठले कायले तुम्ही? सरका, भगवानराव, मधल्या दारातून सरका. तुमच्या आड तिले दिसत नाई.