मोजणारं हवं, ओळखणारं नको

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान असलेल्या प्र… प्र… प्रमुख पाहुण्या, कानाच्या डॉक्टरीणबाई, विश्वस्त मंडळाचे सर्व सभासद, आमचे वाचा-उपचारतज्ज्ञ, ज्यांच्यासाठी आपण सारे आज या सभागृहात जमलो आहोत त्या आपल्या टकटकताई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

'प्रमुख पाहुण्या' हा शब्दप्रयोग ज्यानं रूढ केला त्याला 'प' हे अक्षर कुणाकुणाच्या घशात अडकतं याची कल्पना नसावी. असो. गाडी निघाली आहे. फक्त एक नम्र सूचना. बोलता बोलता मी मध्येच थांबलो तर कृपया टाळ्या वाजवू नका. गेल्या वर्षी वर्धापनदिनाला मी 'आपण सर्व' म्हणून जो अडलो, तर तुम्ही भाषण संपलं समजून इतक्या टाळ्या वाजवल्या की मला खाली येऊन बसावं लागलं. ते भाषण अजून माझ्या खिशातच आहे.

मला आज ताईंबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं आहे. मी या केंद्राची वेबसाइट सांभाळतो. ताई मला 'वायरवाला' म्हणतात. माझं सगळं काम बिनतारी आहे हे मी त्यांना नऊ वर्षं सांगतोय.

नवीन मंडळींसाठी सांगतो. आपलं हे केंद्र बोलताना अडखळणाऱ्यांचं. इथे येणाऱ्या माणसाला जगातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती? स्वतःचं नाव सांगणं. बाकी शब्द बदलता येतात. 'पाणी' अडलं तर 'तहान लागलीय' म्हणता येतं. नावाला काय पर्यायी शब्द आहे? आणि पूर्वी आपल्या दाराशी काय होतं? तर एक नोंदवही, आणि 'नाव सांगा' म्हणणारे एक गृहस्थ! पोहायला घाबरणाऱ्यांच्या शिकवणीचं दार विहिरीत ठेवावं, असा तो प्रकार होता.

एकतीस वर्षांपूर्वी ताई त्या खुर्चीवर आल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी नोंदवही कपाटात टाकली. तेव्हाच्या विश्वस्तांनी विचारलं, "अहो, मग किती लोक येतात हे कळणार कसं?" ताईंनी घरून एक मोजणीयंत्र आणलं. मुठीत मावेल एवढं, अंगठ्यानं दाबलं की 'टक्' वाजतं आणि आकडा एकानं पुढे सरकतो. माणूस आत आला, टक्. ना नाव, ना गाव, ना 'काय होतंय तुम्हाला'. संध्याकाळी जिन्याजवळच्या फळ्यावर दिवसाचा आकडा. बस्स. टकटकताई हे नाव तेव्हापासूनचं. आताही त्या व्यासपीठावर बसून दारातून उशिरा येणाऱ्यांना मोजताहेत, मला इथपर्यंत ऐकू येतंय. ताई, निवृत्त होताय तुम्ही, जरा हात आवरा!

आता मुख्य कथेकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या अध्यक्षमहोदयांना वाटलं की दारातले लोक मोजतो तसे वेबसाइटवरचेही मोजावेत. विचार उत्तमच होता. महोदय आयुष्यभर पुलांचे अभियंते. पुलावरून किती वाहनं जातात हे कळल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मी काय केलं? सगळे बसवतात तो एक फुकटचा मोजणीदार, म्हणजे मोजणीचा प्रोग्रॅम, एका दुपारी बसवून टाकला. चार ओळी चिकटवल्या, झालं काम. आणि काय सांगू, रोजचे नऊशे! शिवाय कोण कुठल्या वयाचा, कुणाकडे कसला फोन, कुणाला कशाची आवड, सगळी रंगीत चित्रं. महोदय इतके खूश झाले की त्यांनी मला खांद्यावर थोपटलं. पुलाच्या माणसाची थाप आहे ती, दोन दिवस खांदा दुखत होता.

ताई पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे वायरवाल्या, आलेला माणूस चाळिशीचा आहे आणि त्याला बूट घ्यायचेत, हे याला कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "ताई, ते ओळखतं."

"मी तुला मोजणारं आणायला सांगितलं होतं. ओळखणारं नाही."

मी हसण्यावारी नेलं. ताईंना काय कळतंय यातलं, असं वाटलं. हे मी आज सर्वांसमोर कबूल करतो.

पंधरा दिवसांनी एक गोष्ट घडली. आपल्याकडे एक मास्तर नुकतेच दर गुरुवारी यायला लागले होते. त्यांनी घरी आपल्या वेबसाइटवरचं 'पहिल्यांदा येताना' हे पान वाचलं होतं. आमच्या फुकट्या मोजणीदारानं ही चहाडी जाहिरातवाल्यांकडे केली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वर्गात भिंतीवर धडा दाखवायला तोच लॅपटॉप उघडला आणि अडतीस मुलांसमोर, दाराएवढ्या अक्षरांत झळकलं: 'अडखळता? सात दिवसांत खडाखडा बोला!'

ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीनं सांगतोय. त्यांची अट एवढीच की ते ओळखू येऊ नयेत. म्हणून सांगून टाकतो, की ते मास्तर नव्हते, तो वर्ग नव्हता आणि मुलं अडतीस नव्हती. बाकी सगळं खरं आहे.

त्यांचं यायचं बंद झालं. ताईंनी दोन गुरुवार वाट पाहिली. तिसऱ्या गुरुवारी मला बोलावलं आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या दारातून एक माणूस वजा झाला. माझ्या यंत्राला उलटं जाता येत नाही रे."

मला इतकी लाज वाटली की मी उभ्या उभ्या तो मोजणीदार काढून टाकला. मग नव्याचा शोध सुरू झाला, आणि उमेदवारांच्या मुलाखती ताईंनी घेतल्या. मी लॅपटॉप घेऊन समोर बसायचो, त्या चष्मा पुसायच्या.

पहिला उमेदवार तसा सज्जन, पण येणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये आठवणीची चिठ्ठी ठेवायचा. तिला कुकी म्हणतात. ठेवायची तर परवानगी हवी, म्हणून पान उघडताच आडवी पट्टी यायची, 'मान्य आहे म्हणा.' ताई म्हणाल्या, "बोलायला घाबरून आलेल्या माणसाला तू दारातच 'म्हणा' म्हणणार?" उमेदवार नापास.

दुसरा स्वतःला मुक्त म्हणवत होता, पण आतली यंत्रणा कुलूपबंद. आत काय करतो ते दाखवणार नाही, म्हणे विश्वास ठेवा. ताई म्हणाल्या, "मागच्यावरही ठेवलाच होता की." नापास.

तिसरा मुक्त स्रोताचा. त्याचा सगळा कोड, म्हणजे आत लिहिलेल्या सगळ्या सूचना, कुणीही उघडून वाचाव्यात. तो आपल्याच संगणकावर बसतो, माहिती बाहेर जात नाही. ताईंना शंका आली, "उघडा म्हणजे? कुणीही बघणार?"

मी म्हटलं, "यंत्र उघडं, ताई. माणूस झाकलेला."

"अगंबाई! म्हणजे आजवर आपलं उलटच चाललं होतं."

मग खरा प्रश्न आला. चिठ्ठी ठेवत नाही, तर एकच माणूस दहा पानं बघून गेला तर दहा माणसं मोजणार का? मी समजावलं, की तो आलेल्या संगणकाच्या पत्त्यात त्या दिवसाचं मीठ मिसळतो. आमच्या धंद्यात त्याला खरोखरच मीठ म्हणतात. त्या मिश्रणातून एक खूण तयार होते, ती फक्त त्या दिवसापुरती. दिवस पालटला की मीठ फेकून द्यायचं. मग कालची खूण कुणाची, हे यंत्रालाही सांगता येत नाही.

"म्हणजे तोच माणूस उद्या आला तर?"

"नवा म्हणून मोजेल."

ताईंनी चष्मा घातला. "बरोबर आहे. काल कितीही अडखळला असला तरी आज तो नवाच. घे याला."

अशा रीतीनं निवड झाली. बसवायला जागा म्हणून ताईंच्या टेबलाखालचा जुना संगणक मिळाला. आणि महाराज, पहिल्या दिवसापासून आकडे बघत राहावेत असे! दारात चौसष्ट, वेबसाइट पंच्याऐंशी वेळा उघडली. दुसऱ्या दिवशी दारात अठ्ठावन्न, वेबसाइट सत्त्याहत्तर. दारात गर्दी झाली की वेबसाइटवर गर्दी, दारात सामसूम की तिथेही सामसूम. मी भारावून गेलो. 'प्रत्यक्ष द्वार आणि संकेतस्थळ यांचा अंतःसंबंध' या विषयावर मी साडेतीन पानी अहवाल लिहिला. महोदयांनी तो बैठकीत मोठ्यानं वाचला. शेजारीच 'माणसं' असा दुसरा आकडा होता, आठ. पण मोठा आकडा समोर असताना लहानाकडे कोण बघतं?

मग एके सकाळी मी ताईंच्या मागे उभा होतो. एक आजोबा आत आले. ताईंनी उजव्या अंगठ्यानं यंत्र दाबलं, टक्. आणि डाव्या हातानं संगणकावर आपली वेबसाइट पुन्हा उघडली.

"ताई, हे काय करताय?"

"मोजतेय. तूच नवं यंत्र आणलंस ना? मग दाबायचं कुणी?"

महिनाभर! येणाऱ्या प्रत्येक माणसामागे एकदा! माझ्या साडेतीन पानी अंतःसंबंधाचा उलगडा झाला. मी गुपचूप ताईंचा संगणक मोजणीतून वगळला. आठ माणसांतल्या एक ताईच निघाल्या. उरली सात.

पुढच्या बैठकीचं वर्णन मी करत नाही, कारण ज्यांचे चेहरे पडले होते ते सर्वजण इथे पहिल्या रांगेत आहेत. महोदय म्हणाले, "सात? पहिला नऊशे दाखवत होता. तोच परत बसवा." तेव्हा मला त्या नऊशेंचा पुरावा मागायचा होता आणि तोंडून शब्द फुटत नव्हता. पहिला शब्दच 'पुरावा' होता, काय करणार? ठराव मांडला गेला, हात वर व्हायला लागले. मी 'पु… पु…' करत उभा.

ताई चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या. कप तसेच हातात धरून म्हणाल्या, "साहेब, ते नऊशे आपल्या दाराशी कधी आले?" नऊशेतली बहुतेक माणसं नव्हतीच, वेबसाइट हुंगत फिरणारी यंत्रं होती, हे मला नंतर तपासताना कळलं. ताईंना ते न तपासता कळलं होतं.

महोदयांनी विचारलं, "ठीक आहे. पण मग हे सात तरी कोण आहेत?"

ताई म्हणाल्या, "माहीत नाही. माहीत नाही म्हणूनच येतात."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. पहिला महोदयांचा आला, हे मी त्यांच्या मोठेपणासाठी मुद्दाम नमूद करतो.

पुढे सातांचे चाळीस झाले. आणि आठ महिन्यांनी एका गुरुवारी, जे मास्तर नव्हते ते मास्तर दारात उभे राहिले. ताईंनी वर बघितलं नाही. टक्. एवढंच. ते आज सभागृहात आहेत की नाहीत हे मी सांगणार नाही. अहो, मागे वळून काय बघताय!

एक खाजगी गोष्ट सांगतो आणि संपवतो. नऊ वर्षांपूर्वी मीही या जिन्यावर आलो होतो. तीनदा आलो. तिन्ही वेळा दारापर्यंत येऊन परत गेलो. प्रत्येक वेळी टक् ऐकू आलं, कुणी हटकलं नाही. चौथ्या वेळी ताई यंत्राकडे बघतच म्हणाल्या, "तुमचे चार झाले. आता बसा." म्हणजे ताई ओळखत होत्या. पहिल्यापासून ओळखत होत्या, सगळ्यांना. ओळखून न विचारणं, हे मला कुठल्याही यंत्रात बसवता आलेलं नाही. ताई, त्या दिवशी तुम्ही नाव विचारलं असतंत तर मी आज इथे नसतो.

उद्यापासून तुम्ही घरी. घरचा संगणक काही मी वगळलेला नाही. उद्या आपल्या वेबसाइटवर एक माणूस जास्त दिसला, तर तो कोण हे आम्ही विचारणार नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षमहोदयांचे, प्र… पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. अडखळलो त्याबद्दल माफी मागत नाही, इथे ती पद्धत नाही. पण थट्टेत कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं आदराचं नाव सुटलं असेल, तर उदार मनानं पोटात घाला.

आणि ताई, ते यंत्र जरा इकडे द्या. एकतीस वर्षं तुम्ही दारातून येणारा प्रत्येक माणूस मोजलात. स्वतःला एकदाही नाही. मीसुद्धा तुम्हाला वगळूनच टाकलं होतं. आज सभागृहात आलात तेव्हाही कुणी दाबलं नाही, मी बघत होतो.

टक्.

आता भाषण खरंच संपलं. वाजवा टाळ्या.