टाकीतला खडा

नाशिकच्या गाडीची वाट पाहत शर्वरी सुरतच्या बसस्थानकावर बसली होती. रसायनशास्त्राची पदवी नुकतीच हाती आलेली. शेजारून वाइन आणि क्षार हे शब्द ऐकताच तिने कान टवकारले. एक बहीण भावाला निरोप द्यायला आली होती.

"ताई, मुंबईचा हॉटेलवाला उद्या कारखान्यात येतोय. आमच्या वाइनच्या बाटलीत काच निघाली म्हणतो. टाकी माझ्याकडे असते, नोकरी जाईल माझी."

"काचच आहे का पण?"

"नाही गं, द्राक्षाचाच क्षार. टाकी गार करून आधीच खाली बसवायचा असतो. यंदा घाई झाली, मग तो त्याच्या फ्रिजमध्ये बसला. हा बघ, टाकीतून खरवडलेला."

"बाई गं. तुझ्या दाजींनी हिरा समजून घासायला घेतला असता. याला पैलू कोणी पाडले?"

"कोणी नाही. गारठ्यात आपले आपण पडतात."

"आणि एवढा वेळ रसातच होता?"

"होता. दिसत नव्हता."

"थांब. चहावाले काका, एक ग्लास गरम पाणी आपजो. हं, टाक यात."

"ताई, गाडी लागली."

"लागू दे. काच असेल तर तळाशी राहील. ढवळ."

शर्वरीही उठली नाही.

"बारीक होतोय रे."

"होतोय."

"गेला. चेतन, कुठे गेला?"

"पाण्यातच आहे. चाख."

"आंबट आहे, चिंचेसारखा."

"बघ."

"आता ऊठ. राहिलेले खडे रुमालात नीट बांध. उद्या त्या माणसाला आधी गरम पाणी दे, मग बोलायला लाग."